उतार नसलेला रस्ता

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या शहराच्या बससेवेचे माजी प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे नुसतं 'साहेब' म्हणत आलो ते साहेब. व्यासपीठावर बसलेले आदरणीय कुलसचिव आणि आमचे विभागप्रमुख. ज्यांना निरोप द्यायला आपण सगळे हातातली कामं टाकून इथं जमलो त्या आमच्या बाई. समोर बसलेले आजी-माजी विद्यार्थी, डेपोतून गणवेशातच आलेली चालक मंडळी, आणि मागच्या रांगेत पंख्याखालच्या दोन खुर्च्या सगळ्यांच्या आधी येऊन पकडलेले माझे आई-बाबा, सर्वांना माझा मनापासून नमस्कार.

नमनालाच घडाभर तेल जायला नको, कारण माझ्या आधीच्या वक्त्यांनी आज कमालच केली आहे. कुलसचिव महोदय बोलायला उभे राहिले की आमचे शिपाई पाण्याचा दुसरा जग भरून ठेवतात, हे आपण सगळे जाणतो. आज त्यांच्या पहिल्या ग्लासवरचं झाकणसुद्धा निघालं नाही आणि ते खाली बसले. विभागप्रमुखांनी तर खिशातून कागदांची जाडजूड घडी काढली, तिच्याकडे प्रेमानं पाहिलं आणि पुन्हा खिशात ठेवली. बाई, तुम्ही मघापासून एकदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघताय आणि एकदा या मंडळींकडे. तुमच्या कपाळावरची ती आठी आम्हाला चांगली ओळखीची आहे. आकडे अपेक्षेबाहेर गेले की ती पडते.

या सभागृहातली दुपार मला फार आवडते. पडद्यांतून गाळून आलेला उजेड, वर सावकाश फिरणारे पंखे, आणि जेवण होऊन गेलेले श्रोते. इथं मी विद्यार्थिनी म्हणून बसले, पुढे शिकवायला लागले तेव्हाही बसले, आणि खरं सांगते, कितीतरी व्याख्यानांत डोळे उघडे ठेवून झोपले. त्या पेंगेत मला नेहमी एकच रस्ता दिसतो. दोन्ही बाजूंना झाडं असलेला, दुपारचा, जवळजवळ रिकामा. लांबून एक बस येते आहे. उन्हामुळे तिची चाकं जमिनीला लागलेली दिसत नाहीत. ती रस्त्यावर तरंगत, जराही आवाज न करता माझ्याकडे येते आहे. हे स्वप्न नाही, आठवण आहे. पण इतक्या वेळा आठवून झालंय की आता दोन्हींत मला फरक करता येत नाही.

ही बस बाईंच्या संशोधनातली आहे, म्हणून आधी संशोधनाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. वाहतुकीचं नियोजन आणि मनुष्यबळाचं व्यवस्थापन, असं आमच्या विभागाचं भारदस्त नाव आहे. माझ्या आईला मी पहिल्यांदा हे नाव सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे ड्युट्या लावणार होय?" तिचं खरंच आहे. कमीत कमी बस, कमीत कमी माणसं, आणि तरीही थांब्यावर कोणी ताटकळू नये, कोणा चालकाची ड्युटी अंगावर येऊ नये. घरात पाहुणे चार आणि पांघरुणं तीन असली की घरच्या बाईला जे गणित सोडवावं लागतं, तेच आम्ही संगणकावर सोडवतो. फक्त आमचे पाहुणे हजारोंनी असतात आणि ते एका जागी झोपत नाहीत.

बाई या शहरात आल्या तेव्हा बसचं वेळापत्रक डेपोतल्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहिलं जायचं. बाईंनी पहिल्यांदा इथं मॉडेल बसवलं. मॉडेल म्हणजे गणिताचा एक संच. एका बाजूनं त्यात रस्त्यावरच्या नोंदी घालायच्या, दुसऱ्या बाजूनं वेळापत्रक बाहेर येतं. बाई तेव्हा तरुण होत्या, हुशार होत्या, आणि त्यांच्याच शब्दांत सांगायचं तर जरा जास्तच शहाण्या होत्या. त्यांचं एक वाक्य त्या काळी डेपोत सगळ्यांना पाठ होतं: उभी बस म्हणजे वाया गेलेली बस. बाई हातात घड्याळ धरून थांब्याथांब्यांवर हिंडत. चालकांनी त्यांचं नाव पाडलं होतं 'घड्याळवाली'. पुढे त्या मोठ्या झाल्या, नावारूपाला आल्या, पण डेपोच्या कँटीनमध्ये अजूनही त्यांना याच नावानं चहा मिळतो.

तर शहराच्या एका टोकाला एक बदलीचा थांबा होता. सकाळचा चालक तिथं उतरायचा आणि दुपारचा चढायचा. जुन्या पद्धतीत बस तिथं जरा वेळ उभी राहायची. एकानं दुसऱ्याला बसच्या तब्येतीचं चार शब्दांत सांगायचं, दुसऱ्यानं टायरना लाथ मारून बघायचं, मग निघायचं. बाईंच्या मॉडेलनं ही उभी बस हेरली आणि तो वेळ कापून टाकला. एक उतरला की दुसऱ्यानं चढायचं, इंजिन बंदसुद्धा करायचं नाही. कागदावर फार सुरेख दिसत होतं ते. अख्ख्या मार्गावरची एक बस वाचत होती. साहेब तेव्हा परिवहन सेवेत नुकतेच अधिकारी झाले होते. तो कागद त्यांनी टेबलाच्या काचेखाली ठेवला होता, असं ऐकते.

आणि मग एक विचित्र गोष्ट घडायला लागली. त्या मार्गावरची एकच दुपारची फेरी बदलीच्या थांब्यावर वेळेच्या आधी पोचू लागली. रोज. बाकीच्या फेऱ्या नेहमीसारख्या उशिरा, आणि ही मात्र आधी. मॉडेलला असलं काही दिसलं की ते खूश होतं. त्याला वाटतं, एवढ्या कमी वेळात बस पोचते आहे, तर मग तेवढाच वेळ का देऊ नये? पुढच्या वेळापत्रकात त्या फेरीचा प्रवासकाळ कमी झाला. तरी बस आधीच पोचली. मॉडेलनं आणखी वेळ काढून घेतला. तरी ती आधीच.

बाई चक्रावल्या. पण संशोधक फार काळ चक्रावलेला राहू शकत नाही, त्याला कारण लागतं. बाईंनी नकाशा काढला, त्यावरून रस्त्याच्या उंचीचा अंदाज बांधला आणि कारण सापडलं. त्या रस्त्याला बदलीच्या थांब्याकडे सौम्य उतार असावा, आणि दुपारी रस्ता मोकळा असल्यामुळे त्या उताराचा परिणाम जास्त दिसत असावा. त्यावर बाईंनी शोधनिबंध लिहिला. तो छापून आला. दूरदूरच्या विद्यापीठांतल्या लोकांनी आपापल्या शहरांतले उतार मोजायला घेतले. शितावरून भाताची परीक्षा करायची असते हे खरं, पण शीत आपल्याच भातातलं आहे ना, हे आधी बघावं लागतं.

हसू नका. ही चूक फक्त आमच्यासारखी माणसंच करू शकतात. बस भरभर का येते, हा प्रश्न कुणा शेंबड्या पोराला विचारला असता तर ते म्हणालं असतं, बसमध्ये बसून बघा की. बाईंना ते सुचलं, पण निबंध छापून आल्यावर.

त्या दिवशी बाई मार्गाच्या सुरुवातीपासून त्या फेरीत बसल्या. पुढचं सगळं मला त्यांनीच सांगितलं आहे, अनेकदा, आणि दर वेळी थोडं वेगळं. बस सावकाशच चालली होती. चालक एक स्त्री होती, ठेंगणी, सीट अगदी पुढे ओढून बसलेली. तिनं कुठंही वेग वाढवला नाही. पण प्रत्येक थांब्यावर माणसं आधीच रांगेत उभी होती. पास हातात काढून ठेवलेले. पिशव्या खांद्याला लावलेल्या. दार उघडलं की माणसं पाण्यासारखी आत येत, एकही शब्द न बोलता आपापल्या जागी बसत. उतरणारे थांबा यायच्या आधीच दाराशी येऊन उभे राहत. काठी टेकत येणारे एक आजोबा होते, त्यांना दोघांनी अलगद उचलूनच आत घेतलं, आणि आजोबांनाही त्यात काही गैर वाटलं नाही. बाई म्हणतात, मला वाटलं मी झोपेत आहे. गर्दीची माणसं अशी वागतच नाहीत. कुणी घाई करत नव्हतं, आणि वेळही कुणी वाया घालवत नव्हतं.

शेजारी एक शिंपी बसले होते, मांडीवर कापडाचं गाठोडं घेऊन. बाईंनी त्यांना विचारलं, तुम्ही सगळे असे तयार कसे? शिंप्यानं बाईंच्या हातातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि हळूच सांगितलं, "ताई, पुढे एक बाळ उभं असतं."

बदलीच्या थांब्यावर एक उंच माणूस उभा होता, चालकाच्याच गणवेशात. त्याचं बोट धरून एक लहान मुलगी होती. तिचे बूट उलटसुलट पायांत होते, कारण ते तिच्या बाबानं घातले होते. बस थांबली, ठेंगणी चालक खाली उतरली आणि मुलगी जाऊन तिच्या पोटाला चिकटली. बस ठरलेल्या वेळेच्या आधी आली होती, त्यामुळे तिला निघायला अवकाश होता. ते तिघं थांब्याच्या बाकावर बसले. मधे मुलगी, दोन्हीकडे दोघं. थर्मासच्या झाकणात चहा, आळीपाळीनं. बसमधले सगळे प्रवासी खिडकीबाहेर दुसरीकडेच कुठंतरी बघत होते. एवढ्या जणांनी एका वेळी इतक्या मनापासून न बघण्याचा प्रयत्न केलेला मी पाहिला नव्हता, असं बाई म्हणतात.

ती मुलगी मी. आणि ते दोघं मागच्या रांगेत पंख्याखाली बसले आहेत. आई, डोळे नंतर पूस, आधी ऐक.

आई पहाटेच्या ड्युटीला जायची तेव्हा आम्ही दोघं झोपलेले असायचो. बाबा शेवटची बस डेपोत लावून यायचा तेव्हा आम्ही दोघी झोपलेल्या असायचो. घरात सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून दोघांनी मुद्दाम उलट्या ड्युट्या मागून घेतल्या होत्या. तीच बस सकाळी आई चालवायची आणि दुपारपासून बाबा. त्या थांब्यावर आई बसची चावी बाबाला द्यायची आणि बाबा मला आईकडे द्यायचा. आम्ही तिघं जागेपणी एकत्र असायचो ते तेवढंच. माझ्या लहानपणी कोणी मला विचारलं असतं, तुझं घर कुठं, तर मी बहुधा त्या बाकाकडे बोट दाखवलं असतं.

त्या बाकावरची बोलणी मला अजून ऐकू येतात. आई म्हणायची, हिचा क्लच आज जरा कडक आहे. बाबा म्हणायचा, हिनं दूध अर्धंच प्यायलंय. आई म्हणायची, वळणावर हिला फार दामटू नकोस. मला बरेच दिवस वाटायचं की हे सगळं माझ्याबद्दलच चाललंय. मग बाबा चढायचा, सीट मागे सरकवायचा, आरसा वर करायचा, आणि आई खालून बघत राहायची. पुढे लग्न म्हणजे काय, हे मला कोणी समजावून सांगायची गरज पडली नाही. एकानं पुढे ओढलेली सीट दुसऱ्यानं न कुरकुरता मागे सरकवायची, यापलीकडे त्यात फारसं काही नसतं, असं माझं मत आहे. माझ्या यजमानांचं मत वेगळं असू शकतं.

मॉडेलनं उभं राहायचा वेळ कापला तेव्हा हा बाक संपला होता. पहिल्या दिवशी बाबानं मला बोचकं फेकावं तसं आईच्या हातात दिलं आणि चढला. मी बसमागे धावले, म्हणतात. मला ते आठवत नाही, पण बसमधल्यांनी ते पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून शिंपी पास हातात घेऊन बसायला लागले, आणि त्यांचं बघून बाकीचे. कोणी बैठक घेतली नाही, कोणी कोणाला शपथ घातली नाही. आईला तर कळलंसुद्धा नव्हतं. तिला वाटायचं, हल्ली रस्ते बरे झालेत.

आता बाईंची अडचण लक्षात घ्या. माणसं थेंबथेंब वेळ साठवत होती, आणि बाईंचं मॉडेल मागून येऊन तो सगळा पिऊन टाकत होतं. माणसं जितकी चटपटीत होतील, तितकं ते पुढच्या वेळापत्रकात जास्त मागत होतं. आणखी एखाद्या फेरबदलात बाक पुन्हा संपणार होता, आणि या वेळी कायमचा. हे थांबवायचं तर खरं कारण सांगावं लागणार. पण खरं सांगितलं तर वाटेतले थांबे वेळेआधी सोडल्याबद्दल माझ्या आईवर कारवाई होणार. नियमच तसा होता, आणि आईची नोकरी तेव्हा कायमसुद्धा झाली नव्हती. न सांगावं तर उताराचा निबंध दिमाखात जगभर हिंडत राहणार. बाईंची बढती त्याच निबंधावर ठरणार होती. आपण कोणी काय केलं असतं? मी हा प्रश्न स्वतःला बरेचदा विचारते, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या कामाला लागते.

बाईंनी त्या दिवशी थांब्यावर घड्याळ पर्समध्ये टाकलं. हे मात्र मला स्वच्छ आठवतं, कारण मी त्यांना विचारलं होतं, तुमचं घड्याळ बिघडलंय का? त्या माझ्यासमोर उकिडव्या बसल्या, माझ्या पायांतले बूट काढले, बरोबर पायांत घातले आणि म्हणाल्या, "हो गं. आजच लक्षात आलं."

त्यानंतर जी बैठक झाली तिचे साक्षीदार आज अध्यक्षस्थानी बसले आहेत. साहेब, मी चुकले तर मला थांबवा. परिवहन सेवेचे सगळे अधिकारी बसले होते, विद्यापीठातली मोठी माणसं होती. पडद्यावर उताराचा आलेख होता. सगळ्यांना वाटलं, बाई आता आणखी दहा मार्गांवरचे उतार दाखवणार. बाईंनी पडदा बंद करायला सांगितला आणि म्हणाल्या, "त्या रस्त्याला उतार नाही. तिथं एक मूल आहे."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. प्रवाशांचं सांगितलं, बाकाचं सांगितलं. कोणता मार्ग, हे सगळ्यांना माहीतच होतं. साहेबांनी विचारलं, त्या फेरीवर चालक कोण आहे? साहेब, तुमचा प्रश्न रास्त होता, तुमच्या खुर्चीनं तो विचारायलाच हवा होता. बाई म्हणाल्या, मॉडेलमध्ये नावं नसतात, क्रमांक असतात, आणि तो क्रमांक मला आठवत नाही. पन्नास मार्गांचे आकडे ज्यांना झोपेत विचारले तरी सांगता येत, त्या बाई हे बोलल्या. सगळ्यांना कळलं की ही बाई धडधडीत खोटं बोलते आहे. साहेबांनी बराच वेळ पेन टेबलावर आडवं-उभं केलं. डेपोत फोन करून विचारलं असतं तर त्यांना क्षणात नाव कळलं असतं. त्यांनी फोन केला नाही. त्याऐवजी त्यांनी विचारलं की मग या फेरीच्या वेळेचं काय करायचं. तेव्हा बाईंनी जे उत्तर दिलं, ते आज आमच्या विषयाच्या पाठ्यपुस्तकात आहे. माणसांनी आपल्या खुशीनं वाचवलेला वेळ ही भेट आहे. भेट मोजमापात धरायची नाही, ती जिथं वाचली तिथंच राहू द्यायची.

पुस्तकात याला लांबलचक नाव आहे. आमच्या व्हरांड्यात याला 'बाळाचा नियम' म्हणतात. मागच्या वर्षी एका विद्यार्थ्यानं मला अगदी गंभीरपणे विचारलं, मॅडम, हे बाळ कोणत्या विद्यापीठातले? मी म्हटलं, आपल्याच. पण फार हुशार नव्हते.

या नियमाची किंमत बाईंनीच मोजली. निबंध त्यांनी जाहीरपणे मागे घेतला. ज्यांनी आपापल्या गावचे उतार मोजले होते, ते चिडले. बाई उतारावरून घसरल्या, असा विनोद कितीतरी दिवस चालला. बढती लांबली, प्रकल्प बंद पडला, आणि बाई पहिल्या वर्षाच्या मुलांना बेरजा-वजाबाक्या शिकवत बसल्या. पुढे मॉडेल पुन्हा सुरू झालं, या नियमासकट. बाकीच्या शहरांनी तो उचलला. पण त्या मधल्या काळात बाईंना भेटायला विभागात फारसं कोणी येत नसे. त्या दिवसांबद्दल बाई कधी कडवट बोलल्या नाहीत. मला मात्र अजून वाईट वाटतं, आणि ते मी आज सगळ्यांदेखत सांगते आहे.

बाक राहिला. मी त्या बाकावर मोठी झाले, तिथंच पाढे पाठ केले, तिथंच पहिल्यांदा नापास झाल्याचं सांगितलं, म्हणजे दोघांची बोलणी एकदमच खाऊन झाली. पुढे या विभागात प्रवेशासाठी मुलाखतीला आले तेव्हाची गोष्ट. समोर चार विद्वान, आणि मधे बाई. त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि पहिला प्रश्न विचारला, बूट आता बरोबर पायांत जातात ना? बाकीच्या चौघांना वाटलं, ही काहीतरी कूट समस्या आहे. त्यांनी वह्यांत लिहून घेतलं.

आई-बाबा आता निवृत्त झाले. दिवसभर एकाच घरात असतात आणि एकमेकांच्या पायांत येतात. इतकी वर्षं थोडक्यात बोलायची सवय, आता एवढ्या मोठ्या दिवसाचं करायचं काय? सकाळपासून धुसफूस चालते. दुपार झाली की बाबा आधी निघतो, आई मागून निघते, आणि दोघं त्या थांब्यावरच्या बाकावर जाऊन भेटतात. तिथं त्यांचं अजिबात भांडण होत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्या बसचे क्लच कसे वाजताहेत यावर बोलतात, आणि चहा अजून एकाच झाकणातून पितात. मी लांबून कधीकधी त्यांना बघते. मधली जागा ते अजून मोकळी ठेवतात.

बाई, तुम्ही सगळ्या शहराच्या ड्युट्या लावल्यात, पण तुमच्या घरातल्या एका माणसाची ड्युटी तुम्हाला कधी लावता आली नाही. सभागृहातल्या नव्या मंडळींसाठी सांगते, बाईंची मुलगी जहाजावर असते. एका जहाजावरून उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं, यांच्या मधे जी फट पडेल तेवढीच ती आईच्या वाट्याला येते. बाईंच्या टेबलावर तिचा फोटो आहे, समुद्राच्या पार्श्वभूमीवर. त्यात तिचा चेहरा कमी आणि समुद्रच जास्त आहे. समुद्रावर वेळापत्रक चालत नाही, असं बाई म्हणतात, आणि विषय बदलतात.

परवा आमच्या कार्यालयात एक फोन आला. तिकडून एका मुलीनं विचारलं, निरोप समारंभ किती वाजता संपेल? मी कार्यक्रमपत्रिका पाहून सांगितलं. ती म्हणाली, त्याच सुमाराला माझी परतीची गाडी आहे, पुढचं जहाज गाठायचंय. आईला सांगू नका, तिला माझ्यासाठी लोकांची अडचण केलेली खपत नाही. मग मला आठवलं. तारीख ठरवताना आम्ही विचारलं होतं, बाई, हा दिवस तुम्हाला सोयीचा आहे ना? बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं होतं आणि म्हटलं होतं, सभागृह मिळालंय ना, मग राहू दे. एवढ्या लोकांचं सगळं ठरलेलं मोडायचं नाही. मुलीचं काय, ती पुढच्या वेळी भेटेल.

बाई, तुमच्या घड्याळानं आज तुम्हाला पुन्हा बुचकळ्यात टाकलंय ना? आधीचे वक्ते वेळेआधी का बसले, प्रास्ताविकाला कात्री का लागली, पुष्पगुच्छ देणारी मंडळी पायऱ्यांशी आधीच रांगेत पुष्पगुच्छ हातात धरून का उभी होती? कुलसचिवांनी आपल्या भाषणाची घरी तालीम केली होती, त्यातला बहुतेक भाग त्यांनी गिळला. विभागप्रमुखांची कवितासुद्धा त्या घडीत होती. आणि साहेबांनी अध्यक्षीय भाषण आपणहून सोडून दिलं आहे. आज कुणासाठी तरी वेळ वाचवायचाय, असं मी त्यांना सांगायला गेले तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "या वेळी तरी नाव सांगणार आहात का?" मी त्यांना नाव सांगितलं. त्यांनी पेन काढून पत्रिकेवरचं स्वतःचं नाव खोडलं.

भाषण आटोपतं घेते. या समारंभासाठी राबलेल्या सगळ्यांची मी ऋणी आहे. सभागृह देणाऱ्यांची, खुर्च्या मांडणाऱ्यांची, बोलायचं असूनही न बोललेल्यांची, आणि त्या रस्त्यावरच्या सगळ्या प्रवाशांची, ज्यांची नावं मला कधीच कळली नाहीत. माझ्या बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल तर ते पदरात घ्यावं. आणखी एका त्रुटीबद्दल सभागृहाची आधीच क्षमा मागते. कार्यक्रमपत्रिकेत शेवटी बाईंचं उत्तराचं भाषण छापलेलं आहे. ते आज होणार नाही.

बाई, उठा. या सभागृहाला उतार नाही. बाहेर व्हरांड्यात बाकावर तुमचं बाळ बसलं आहे, आणि त्याच्या शेजारची जागा मोकळी आहे.